मुंबई–दिल्ली विमानप्रवास: अंतर, लागणारा वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई–दिल्ली हा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या देशांतर्गत हवाई मार्गांपैकी एक आहे. तरीही "नेमका वेळ किती लागतो?" याला तिकीट, वैमानिक आणि गुगल तीन वेगळी उत्तरं देतात. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. हवेतला वेळ, गेट ते गेट वेळ आणि घर ते घर वेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खालची उत्तरं वाचताना कोणता वेळ चालू आहे तेवढं लक्षात ठेवा.

१. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर किती आहे?

छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून इंदिरा गांधी विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे १,१४० किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत हेच अंदाजे ६१५ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साधे मैल म्हणाल तर ७०८ च्या आसपास. वेगवेगळ्या साइटवर दहा-पंधरा किलोमीटरचा फरक दिसतो, कारण कुणी विमानतळ ते विमानतळ मोजतं, तर कुणी शहराच्या मध्यापासून.

ही सरळ रेषा नकाशावर काढली तर ती उत्तर-ईशान्येला जाते, उत्तर दिशेपासून साधारण २१ अंश पूर्वेकडे झुकलेली. वाटेत रतलाम आणि कोटा या पट्ट्यावरून जाते. प्रत्यक्ष विमान मात्र आखलेल्या हवाई मार्गांनी जातं, त्यामुळे ते थोडं जास्त अंतर कापतं (प्रश्न ३).

२. मुंबई–दिल्ली विमानाला किती वेळ लागतो?

तिकिटावर बहुधा २ तास ५ मिनिटं ते २ तास २५ मिनिटं असा वेळ असतो. हवेतला वेळ, म्हणजे चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंत, साधारण १ तास ४० ते १ तास ५० मिनिटं.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं जाण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे दिल्लीच्या गेटवर ते उभं राहण्याची वेळ. याला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिक उड्डाणाआधी "आपला प्रवास एक तास पंचेचाळीस मिनिटांचा आहे" असं सांगतो, ते फक्त हवेतल्या वेळाबद्दल असतं. म्हणून सकाळी ८ च्या विमानाने आकाश ८:२० ला पाहिलं तरी ते उशिरा सुटलं असं होत नाही.

३. विमान ताशी ८४० किलोमीटरने जातं, मग १,१४० किलोमीटरला एक तास वीस मिनिटंच लागायला हवीत. बाकीचा वेळ कुठे जातो?

भागाकार बरोबर आहे, पण पूर्ण वेग विमानाला फार थोडा वेळ मिळतो. ३५,००० फुटांवर पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर दोनशेहून अधिक किलोमीटर कापून होतात. खाली यायला सुरुवात दिल्लीच्या साधारण २०० किलोमीटर आधीच होते. वैमानिकांचा ठोकताळा सोपा आहे: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल झाले. म्हणजे अकराशे चाळीसपैकी पूर्ण वेगाचा पल्ला जेमतेम सातशे किलोमीटरचा, पन्नास मिनिटांचा. शिवाय १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवतात.

दुसरा भाग वळणांचा. मुंबईत बहुतेक वेळा २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने उड्डाण होतं आणि मग विमान उत्तरेला वळतं. दिल्लीत वारा बहुधा पश्चिमेचा, आणि विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. म्हणून दक्षिणेकडून आलेल्या विमानाला शहराच्या पूर्वेला वळसा घालून पश्चिमेकडे तोंड करून उतरावं लागतं. या वळशात तीस ते साठ किलोमीटर सहज जातात. वारा पूर्वेचा असेल तर हाच वळसा कमी होतो आणि पाच-सात मिनिटं वाचतात.

तिसरा भाग जमिनीवरचा. मुंबईत गेट ते धावपट्टी १५ ते २५ मिनिटं, कारण पुढे रांग असते. दिल्लीत उतरल्यावर १० ते २० मिनिटं, कारण तिथे चार धावपट्ट्या आहेत आणि कोणत्या धावपट्टीवर उतरलात व टर्मिनल कोणतं यावर सगळं अवलंबून. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत चौथी धावपट्टी आणि २.१ किलोमीटर लांबीचा ईस्टर्न क्रॉस टॅक्सीवे सुरू झाला. त्याआधी काही विमानांना जमिनीवर सात किलोमीटरचा फेरा पडत असे.

४. दिल्लीहून मुंबईला परत येताना जास्त वेळ का लागतो?

दोन कारणं: वारा आणि मुंबईची गर्दी. गर्दीचं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे, इथे वाऱ्याचं पाहू.

डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार वाऱ्याचा झोत वाहतो. त्याचा वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर, सहज होतो. मार्ग उत्तर-ईशान्येचा असल्यामुळे हा वारा बराचसा आडवा लागतो. मागून ढकलणारा भाग साधारण एक तृतीयांशच, ताशी साठ-पासष्ट किलोमीटर. जाताना तेवढी मदत, येताना तेवढाच विरोध. पूर्ण मार्गभर असा वारा असता तर जाण्या-येण्यात बारा-तेरा मिनिटांचा फरक पडला असता. पण झोत मुख्यतः मार्गाच्या उत्तरेकडच्या भागात असतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक पाच ते दहा मिनिटांचा.

पावसाळ्यात हा झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि फरक जवळजवळ उरत नाही. मुंबई–लंडनसारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर हाच वारा तासाच्या हिशोबात फरक करतो.

५. मोठ्या विमानाने लवकर पोहोचतो का?

फार तर चार मिनिटं. या मार्गावर मुख्यतः एअरबस ए३२०, ए३२१ आणि बोइंग ७३७ उडतात, अधूनमधून ७८७ किंवा ए३५० सारखं रुंद विमानही असतं. लहान विमान ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातं, मोठं ०.८५ पट. पण हा फरक वरच्या सातशे किलोमीटरपुरताच. तीनशे माणसं उतरायला आणि सामान पट्ट्यावर यायला त्यापेक्षा जास्त वेळ जातो. मोठं विमान घ्या ते ऐसपैस बसण्यासाठी.

६. जाताना ३५,००० फूट आणि येताना ३६,००० फूट असं का सांगतात?

समोरासमोर येणाऱ्या विमानांमध्ये हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून. होकायंत्रानुसार ० ते १७९ अंशांच्या दिशेने जाणारी विमानं विषम हजारांवर (३३, ३५, ३७) आणि १८० ते ३५९ अंशांच्या दिशेने जाणारी सम हजारांवर (३४, ३६, ३८) उडतात. दिल्लीला जाताना दिशा २१ अंशांची, येताना २०१ च्या आसपास.

७. आमचं विमान वीस मिनिटं आधी पोहोचलं. मग कंपन्या वेळापत्रकात इतका जास्त वेळ का धरतात?

कारण वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरतं आणि त्यात सरासरी रांग, सरासरी वारा, थोडी राखीव मिनिटं असा सगळा हिशोब असतो. ज्या दिवशी रांग नसते, वारा अनुकूल असतो, त्या दिवशी ती सगळी मिनिटं परत मिळतात. राखीव मिनिटं धरण्यात कंपनीचा फायदा आहेच, वक्तशीरपणाचा आकडा चांगला दिसतो. पण प्रवाशाचाही आहे. पुढची गाडी किंवा विमान पकडायचं असेल तर दोन तासांचा आशावादी आकडा देऊन फसवण्यापेक्षा सव्वादोन तासांचा खरा आकडा बरा.

याचा उलटा अर्थही ध्यानात ठेवा: वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान बऱ्याचदा वेळेवर पोहोचतं.

८. मुंबईच्या आकाशात विमान घिरट्या का घालतं?

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, ०९/२७ आणि १४/३२, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. दिल्लीत चार धावपट्ट्यांवर जे काम वाटलं जातं ते मुंबईत एकीवर पडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतली उड्डाणं-अवतरणं ताशी ४६ वरून ४४ वर आणली गेली. त्याचं कारण हेच होतं की विमानं ४० ते ६० मिनिटं वर ताटकळत होती. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलीटर जास्तीचं इंधन जळतं, असा हिशोब तेव्हा सरकारनेच दिला होता.

एखाद्या विमानाला ऐन वेळी धावपट्टीवरून पुन्हा वर जावं लागलं, पावसाची मोठी सर आली किंवा वारा फिरून धावपट्टीची दिशा बदलावी लागली, की मागची सगळी रांग अडते. दहा ते वीस मिनिटांच्या घिरट्या हे बिघाडाचं लक्षण नाही. विमानात त्यासाठीचं इंधन आणि शिवाय पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन भरलेलं असतं.

९. धुक्यात दिल्लीची विमानं इतकी का कोलमडतात? दिल्लीकडे तर धुक्यात उतरवणारी यंत्रणा आहे ना?

आहे. कॅट-३ यंत्रणेवर ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरू शकतं. पण त्यासाठी तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: धावपट्टीवर यंत्रणा, विमानात तशी उपकरणं आणि दोन्ही वैमानिकांचं तसं प्रशिक्षण. तिन्हींतली एक नसेल तर विमान जयपूर, लखनौ, अहमदाबाद अशा ठिकाणी वळवतात.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढे आहे. उतरायला ५० मीटर चालतात, पण उड्डाणाला साधारण १२५ मीटर लागतात. म्हणजे पहाटे विमानं उतरत राहतात, सुटत मात्र नाहीत. उभी करायला जागा उरत नाही. मग मुंबईत निरभ्र आकाश असतानाही तुमचं विमान गेटवरच थांबवून ठेवतात, कारण दिल्लीत त्याला जागाच नाही. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, त्यामुळे ताशी संख्या घटते आणि धुकं ओसरल्यावरही अनुशेष भरायला दुपार होते.

१०. दिवसातलं कोणतं विमान सर्वांत भरवशाचं?

फेब्रुवारी ते नोव्हेंबर: पहाटेचं पहिलं. ते विमान रात्रभर त्याच विमानतळावर उभं असतं, त्यामुळे आधीच्या फेरीचा उशीर त्याच्या डोक्यावर नसतो. तेच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं आणि प्रत्येक फेरीत दहा-पंधरा मिनिटं साचत जातात. रात्री ८ ते ११ मधल्या विमानांना हा सगळा साचलेला उशीर भोगावा लागतो.

डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी: नियम उलटा. धुकं साधारण पहाटे ४ ते सकाळी १० पर्यंत सर्वांत दाट, म्हणून दिल्लीला दुपारी १२ नंतर पोहोचणारं विमान घ्या. सकाळी ११ ची कोर्टाची तारीख किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा. जानेवारीत त्याच सकाळच्या विमानावर विसंबणं म्हणजे जुगार आहे.

११. दादरहून कॅनॉट प्लेसला घर ते घर किती वेळ धरावा?

साडेपाच ते पावणेसात तास. हिशोब असा: दादर ते विमानतळ ४५ ते ७५ मिनिटं, सुटण्याच्या दीड-दोन तास आधी पोहोचणं, विमान सव्वादोन तास, उतरून सामान मिळेपर्यंत २५ ते ४० मिनिटं, पुढे शहरात ४० मिनिटं. फक्त हातातली बॅग आणि मोबाइलवर बोर्डिंग पास असेल तर पावणेपाच तासांतही जमतं.

मुंबईत पूर्वी सगळा भरवसा टॅक्सीवर किंवा लोकलवर होता. टी१ (टर्मिनल १) साठी विलेपार्ले, टी२ साठी अंधेरी. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण धावते आणि दोन्ही टर्मिनलना स्वतंत्र स्थानकं आहेत. पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी रस्ता तुंबला की हा पर्याय सोन्यासारखा. दिल्लीत टी३ हून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो नवी दिल्ली स्थानकापर्यंत सुमारे वीस मिनिटांत नेते, पण ती साधारण रात्री साडेअकरापर्यंतच. टी१ ला वेगळं स्थानक आहे, ते मॅजेंटा लाइनवर.

काउंटर बहुतेक कंपन्यांचे सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. विमान उशिरा आहे असा संदेश आला तरी काउंटरची मूळ वेळ पाळा, कारण उशीर कमी झाल्याचा दुसरा संदेशही येऊ शकतो.

१२. टर्मिनल चुकलं तर काय?

मुंबईत टी१ (सांताक्रूझ बाजू) आणि टी२ (सहार) रस्त्याने चार-पाच किलोमीटरवर. गर्दीत अर्धा तास धरा. मेट्रो ३ ने टी१ आणि टी२ या स्थानकांमध्ये फक्त सहार रोड हे एक स्थानक आहे, म्हणून संध्याकाळी मेट्रोच बरी. दिल्लीत टी२ आणि टी३ शेजारी आहेत, चालत जाता येतं. टी१ मात्र बरंच लांब, तिथे गाडी किंवा बस लागते.

एकच कंपनी एकाच दिवशी दोन टर्मिनलवरून उडते, त्यामुळे "ही कंपनी नेहमी टी१ वरूनच" हा अंदाज सर्वांत जास्त फसतो. तिकीट काढताना जे टर्मिनल छापलं होतं तेही बदलू शकतं. वेब चेक-इन करताना पुन्हा पाहा.

१३. तिकिटावर एनएमआय किंवा एचडीओ लिहिलंय. हे काय आहे?

एनएमआय म्हणजे नवी मुंबई विमानतळ, जिथून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. एचडीओ म्हणजे गाझियाबादजवळचं हिंडन. जुने विमानतळ म्हणजे बीओएम आणि डीईएल. शोधताना नुसतं "मुंबई" किंवा "दिल्ली" टाकलं की स्वस्त म्हणून दुसरा विमानतळ वर येऊ शकतो, म्हणून तीन अक्षरं वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

हवाई अंतर नवी मुंबईहूनही तेवढंच, १,१४० किलोमीटरच्या आसपास. फरक जमिनीवरचा आहे. पनवेल, खारघर, उरण, अलिबागकडच्यांना नवी मुंबई सोयीचं. दक्षिण मुंबईतून अटल सेतूमार्गे जाता येतं. बोरिवली–विरारकरांनी मात्र भाड्यातली बचत टॅक्सीत जाते का ते आधी मोजावं. हिंडन पूर्व दिल्ली, गाझियाबाद, नोएडासाठी चांगलं, गुडगावला जायचं असेल तर नाही.

१४. पुणे, नागपूर, गोव्याहून दिल्ली किती लांब?

सरळ रेषेत, अंदाजे:

- नागपूर: ८५० किमी
- छत्रपती संभाजीनगर: ९८० किमी
- नाशिक (ओझर): ९९० किमी
- पुणे: १,१५५ किमी
- गोवा, मोपा: १,४६० किमी
- गोवा, दाबोळी: १,५०० किमी

पुण्याचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटतं. मुंबईपेक्षा फक्त पंधरा-वीस किलोमीटर जास्त, कारण पुणे दक्षिणेला असलं तरी पूर्वेलाही आहे आणि दिल्लीही पूर्वेला. त्यामुळे "मुंबईहून विमान लवकर पोहोचतं" म्हणून पुणेकराने मुंबई गाठण्यात अर्थ नाही. एक्स्प्रेस वेचे तीन तास वाया. गोव्याला दोन विमानतळ आहेत आणि त्यांची अक्षरंही वेगळी: मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय.

१५. कोणत्याही दोन शहरांमधलं अंतर आणि वेळ स्वतः कसा काढायचा?

कागद आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व.

१. अक्षांशांतला फरक ९.४८. त्याला १११ ने गुणा: सुमारे १,०५२ किमी.
२. रेखांशांतला फरक ४.२३. त्याला १११ ने गुणा, मग सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणा (२४ अंशांचा कोसाइन ०.९१४): सुमारे ४३० किमी.
३. दोघांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: सुमारे १,१३६ किमी.

दुसऱ्या पायरीतला कोसाइन विसरणं ही नेहमीची चूक. उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येतात, तो भाग यात येतो. भारतातल्या अंतरांना ही रीत पुरेशी अचूक आहे. मुंबई–न्यूयॉर्कला ती चालणार नाही, तिथे पृथ्वीचा गोलावा धरणारं सूत्र लागतं.

वेळेसाठी: अंतराला ८०० ने भागून तास काढा आणि ४५ मिनिटं मिळवा. मुंबई–दिल्ली २ तास १० मिनिटं, नागपूर–दिल्ली १ तास ४९, दाबोळी–दिल्ली २ तास ३७. वेळापत्रकाशी हे पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळतं. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानांना मात्र ८०० ऐवजी ४५० धरा.

१६. रेल्वेने आणि रस्त्याने किती?

मुंबई सेंट्रल–नवी दिल्ली राजधानी सुरत, वडोदरा, रतलाम, कोटामार्गे १,३८४ किलोमीटर जाते आणि साधारण साडेपंधरा तास घेते. संध्याकाळी बसून सकाळी शहराच्या मध्यात उतरायचं असेल, तर जाग्या तासांचा हिशोब करा, राजधानी विमानापेक्षा फार मागे पडत नाही. धुक्यात तीही उशिरा येते, हे मात्र विसरू नका. रस्त्याने १,४०० किलोमीटरच्या पुढे, दोन चालक असतील तरी २२ ते २४ तास.

१७. "डायरेक्ट" विमान आणि "नॉनस्टॉप" विमान एकच का?

नाही. नॉनस्टॉप कुठेही उतरत नाही. डायरेक्ट विमानाचा क्रमांक शेवटपर्यंत तोच असतो, पण ते मध्ये एखाद्या शहरात थांबू शकतं आणि तुम्ही आत बसून राहता. मुंबई–दिल्लीला साडेतीन-चार तास दिसले आणि विमान बदलायचं नसेल, तर समजा मध्ये थांबा आहे. तिकिटाच्या पानावर "० थांबे" असं लिहिलंय का ते पाहा.

१८. दिल्लीहून परदेशाचं विमान आहे. मुंबईहून किती आधी पोहोचावं?

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर कंपनीने विकलेला वेळ पुरेसा मानला जातो, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सगळी जोखीम तुमची. तेव्हा टी३ ला उतरत असाल तर किमान चार तास, टी१ ला उतरत असाल तर पाच तास ठेवा. कारण सामान घ्यायचं, टर्मिनल बदलायचं, पुन्हा चेक-इन, मग इमिग्रेशन आणि सुरक्षा. डिसेंबर-जानेवारीत वेगळ्या तिकिटांवर सकाळचं मुंबईचं विमान आणि दुपारचं परदेशाचं विमान अशी जोडी लावूच नका. आदल्या रात्री दिल्लीत राहा.

१९. विमान उशिरा झालं किंवा रद्द झालं तर काय मिळतं?

इथे ब्लॉक टाइम (प्रश्न २) अचानक पैशाच्या कामाचा होतो, कारण डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम त्यावरच बांधलेले आहेत.

उशीर: अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं द्यावं लागतं. मुंबई–दिल्ली या गटात येतं. दाबोळी–दिल्लीचा ब्लॉक टाइम अडीच तासांच्या पुढे गेला की हीच मर्यादा तीन तासांची होते. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतलं एक निवडता येतं.

रद्द: सुटण्याच्या २४ तासांच्या आत कळवलं तर पर्यायी विमान किंवा परताव्याबरोबर भरपाईही. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,०००. यातली रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, जे कमी असेल ते. मुंबई–दिल्लीचा ब्लॉक टाइम दोन तासांच्या वर असल्यामुळे १०,००० चा टप्पा लागतो, नागपूर–दिल्लीला ७,५०० चा.

धुकं, वादळ, हवाई नियंत्रणाचे आदेश, सुरक्षेची कारणं असतील तर रोख भरपाई मिळत नाही. म्हणून कारण तोंडी ऐकून सोडू नका, एसएमएस किंवा ईमेलवर लेखी मागा. "ऑपरेशनल कारण" असं लिहून आलं असेल तर ते धुकं नव्हे.

२०. काही ठरावीक दिवशी विमानतळच बंद असतो, हे खरं का?

खरं आहे, आणि आधी जाहीरही होतं. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या तालमी आणि संचलनासाठी जानेवारीच्या उत्तरार्धात काही दिवस काही तास आकाश बंद ठेवतात. २०२४ मध्ये १९ ते २६ जानेवारी, सकाळी १०:२० ते दुपारी १२:४५ अशी वेळ होती. मुंबईत पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी बंद असतात, बहुधा सकाळी ११ ते संध्याकाळी ५. त्या वेळेची विमानं आधीच हलवलेली असतात, पण बंदच्या लगेच आधी आणि नंतर गर्दी उसळते. त्या दिवशी संध्याकाळी ५ ते ८ मधलं विमान टाळलेलं बरं.

२१. पाकिस्तानचं आकाश बंद असल्यामुळे या मार्गावर परिणाम होतो का?

नाही. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या बंदीचा फटका दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना बसला. मुंबई–दिल्ली मार्ग पूर्णपणे भारताच्या आतून जातो.

२२. ऊन लागू नये म्हणून खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

दिल्लीला जाताना तोंड उत्तरेला. सकाळी ऊन उजवीकडून, म्हणून डावीकडची ए जागा. संध्याकाळी उजवीकडची एफ. परतताना दोन्ही उलट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारी जाताना दोन्ही बाजू बऱ्या.

२३. तान्हं बाळ किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर आहेत. वेळेचं काय लक्षात ठेवावं?

बाळाचे कान दुखतात ते मुख्यतः विमान खाली येताना. उतरण्याच्या २५ ते ३० मिनिटं आधी इंजिनाचा आवाज मंदावतो, तीच खूण. तेव्हा दूध पाजा किंवा बाटली द्या. त्याआधीच पोट भरलं असेल तर ऐन वेळी बाळ तोंड लावत नाही, म्हणून मुंबईत विमानात चढताना थोडं उपाशी ठेवलेलं चालतं.

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवा, निदान ४८ तास आधी. दिल्लीच्या टी३ मध्ये लांबच्या गेटपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत बरंच चालावं लागतं, सरकते पट्टे असूनही. व्हीलचेअरचे प्रवासी सर्वांत शेवटी उतरतात, त्यामुळे न्यायला येणाऱ्याला उतरण्याच्या वेळेनंतर पाऊण तासाने या असं सांगा. दिल्लीत गाडी जास्त वेळ दारात उभी ठेवू देत नाहीत.